न केलेल्या शस्त्रक्रियेची नोंद

 

आजचा विषय वाचून दोन शंका तुमच्या मनात आल्या असतील. प्रौढांच्या पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन कसे घडवतात, हा विषय मुर्ध्यात कशाला? आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने त्यावर कशाला बोलावं? दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिलीचं उत्तर असं. संस्कृतात मूर्धा म्हणजे मस्तक. गावाच्या नावाचा त्या शब्दाशी काही संबंध आहे का, ते भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावं. आम्ही एवढंच म्हणतो की मस्तक ज्याच्यावर उभं राहतं तो कणा, आणि या पट्ट्यातल्या माणसांनी तो भरपूर वापरलेला आहे. मुर्धा, राई, मोर्वा इथं मिठागरांवर आणि शेतावर ज्यांची हयात गेली, त्यांच्या पाठीने किती ओझी वाहिली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्यांची नातवंडं आज भाईंदरहून लोकल पकडतात आणि दिवसभर खुर्चीत बसतात. ओझं बदललं, दुखणारी पाठ तीच राहिली.

दुसऱ्या शंकेचं उत्तर थोडं लांब आहे. शस्त्रक्रिया कशी करावी हे आम्ही सांगणार नाही. ते उंटावरून शेळ्या हाकणं होईल. पण एखादी गोष्ट माणसाला 'येते' म्हणजे नेमकं काय होतं, ती आली हे कसं ओळखायचं, आणि आपण जे मोजतो तेच ज्ञान आहे का, हे प्रश्न आमच्या विषयाचे आहेत. शिवाय हे प्रश्न विचारण्याचा हक्क ज्याच्या पाठीत स्क्रू बसणार आहे त्यालाही आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतोच.

आता एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. पंचावन्न वर्षांची एक बाई. कंबरेतून कळ निघते ती पोटरीपर्यंत जाते. एमआरआय झाला. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले, "चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे, नस दबली आहे. ऑपरेशन करावं लागेल." घरी आल्यावर धाकटा दीर म्हणतो, करून टाका. शेजारची म्हणते, मुळीच करू नका, आमच्या मामांचे पाय गेले. मुलगा मोबाईलवर शोधत बसतो. या सगळ्या गोंधळात एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो असा: डॉक्टरांनी उच्चारलेलं ते शेवटचं वाक्य, "ऑपरेशन करावं लागेल", हे ते कुठे शिकले? ऑपरेशन कुठे शिकले हे सांगता येईल, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं. ते वाक्य कुठे शिकले? आजची आमची टीका एवढ्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी हा सर्जन कोणत्या वाटेने येतो ते पाहू. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. मग तीन वर्षं हाडांच्या शास्त्रात एम.एस., म्हणजे ऑर्थोपेडिक्स. किंवा आणखी लांबच्या वाटेने मेंदू आणि मज्जातंतूंची शस्त्रक्रिया, म्हणजे न्यूरोसर्जरी. या दोन्ही वाटांवर कणा लागतो, पण तो अनेक विषयांतला एक म्हणून. ज्याला फक्त कण्याचंच काम करायचं आहे, तो त्यापुढे फेलोशिप करतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी ही दोन वर्षांची आहे. काही फेलोशिप एक वर्षाच्या, काही त्याहून लहान. काही जण परदेशी जातात. अमेरिकेतही रेसिडेन्सी संपल्यावर कण्याची फेलोशिप बहुधा एकाच वर्षाची असते. म्हणजे आपल्यासमोर बसलेला हा तरुण सर्जन तिशी ओलांडलेला असतो आणि तरीही 'शिकत' असतो. त्याच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. तो मनात ठेवूनच पुढचं ऐका.

या विशेष शाखेची गरज होती का? होती. त्यासाठी इतिहासातली दोन उदाहरणं देतो. १९३४ साली बोस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पायात जाणारी कळ ही पुष्कळदा मणक्यांमधली गादी फुटून नसेवर आल्यामुळे असते, हे त्यातून वैद्यकजगाला पटलं. मिक्स्टर न्यूरोसर्जन, बार ऑर्थोपेडिक सर्जन. दुसरं उदाहरण आपल्या परळचं. केईएम रुग्णालयाचे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल आणि तिथलेच ऑर्थोपेडिक्सचे डॉ. व्ही. के. लाहेरी यांनी मानेचा पहिला आणि दुसरा मणका स्क्रू आणि पट्टीने एकमेकांना जोडण्याची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये जर्मनीतल्या हार्म्स आणि मेल्चर यांनी त्याच तत्त्वावरची आपली पद्धत मांडली, आणि आज जगभर तिचा उल्लेख गोयल आणि हार्म्स अशा जोडनावाने होतो. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की जगाच्या पाठ्यपुस्तकातली ही पद्धत महापालिकेच्या रुग्णालयातून गेली?

दोन्ही वेळा काय घडलं बघा. एक माणूस हाडाकडे पाहत होता, दुसरा नसेकडे. हाडवाल्याला वाटतं कणा हा खांब आहे, तो भक्कम हवा. नसवाल्याला वाटतं कणा ही नळी आहे, ती मोकळी हवी. दोघं एका टेबलाशी आले तेव्हा कणा पूर्ण दिसला. म्हणून या दोन खात्यांच्या मधली भिंत पाडणारं स्वतंत्र प्रशिक्षण हवंच. गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला काम करून आले आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'ताठ कणा'. मराठीत कणा हा शब्द हाडापुरता राहत नाही, हे त्या नावातही दिसतं. माणसाचा कणा मोडला असं आपण म्हणतो तेव्हा एक्स-रे मागत नाही.

आता ज्ञानाकडे येऊ. शस्त्रक्रियेचं ज्ञान पुस्तकात मावत नाही, हे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सरावावर एक स्वतंत्र अध्याय आहे. तिथे सरावाला 'योग्या' म्हटलं आहे. भोपळा, काकडी, कलिंगड यांवर कापायचं शिका, पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर चिरायचं शिका, कमळाच्या देठावर शीर टोचायचं शिका, अशी पद्धत तिथे सांगितली आहे. विसाव्या शतकात गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. मायकेल पोलान्यी यांनी पुढे जाऊन दाखवलं की कसबी माणसाला जे येतं, त्यातलं बरंचसं त्याला स्वतःलाच शब्दांत मांडता येत नाही. पोळी गोल कशी लाटायची हे आजी सांगू शकत नाही. ती म्हणते, "इकडे ये, माझ्या हाताकडे बघ."

कण्याच्या शस्त्रक्रियेत हे पदोपदी लागू आहे. मणक्याच्या मागच्या बाजूने पुढच्या भागाकडे जाणारा हाडाचा जो अरुंद पूल असतो, त्यातून स्क्रू न्यायचा असतो. छातीच्या मधल्या मणक्यांत हा पूल काही मिलिमीटर रुंद असतो. आतल्या बाजूला मज्जारज्जू. पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. हाताला हाड लागतं आहे की पोकळी, हे सर्जनला हत्याराच्या टोकातून कळावं लागतं. हे कळणं एका वेळेत येत नाही, दहा वेळेत येत नाही. म्हणून संख्या लागते. फेलोशिपची जाहिरात करणारी संस्था जेव्हा सांगते की आमच्याकडे वर्षाला इतक्या केसेस होतात, तेव्हा ती खोटा मोठेपणा मिरवत नसते. हाताला पुनरावृत्ती हवी असते, आणि तिला पर्याय नाही.

इथपर्यंत आमचं काही भांडण नाही. भांडण इथून सुरू होतं.

प्रशिक्षणार्थी एक नोंदवही ठेवतो, तिला लॉगबुक म्हणतात. त्यात काय लिहायचं? अमुक तारीख, अमुक शस्त्रक्रिया, मी पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली, की स्वतः केली. हेतू चांगला आहे. १८८९ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं, तिथे हॉल्स्टेड यांनी जबाबदारी पायरीपायरीने वाढवत नेण्याची पद्धत घातली, तिचीच ही वंशावळ. पण या वहीचा एक गुण बघा. तिच्यात फक्त 'झालेल्या' गोष्टी लिहिता येतात. ओपीडीत आलेल्या माणसाला नीट तपासून, त्याची फिल्म पाहून, त्याच्याशी अर्धा तास बोलून, "तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही" असं सांगितलं, तर ते कुठे लिहायचं? त्याला रकाना नाही. जे लिहिलं जात नाही ते मोजलं जात नाही. जे मोजलं जात नाही त्याची परीक्षा होत नाही. आणि ज्याची परीक्षा होत नाही ते कोणता विद्यार्थी शिकतो? आम्ही इतकी वर्षं विद्यार्थी पाहिले, आम्हाला विचारा.

तुम्ही म्हणाल, "नको" म्हणणं हे काय शिकायचं असतं? ते तर कुणीही म्हणेल. नाही म्हणणार. का, ते सांगतो.

१९९० साली अमेरिकेत बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. ज्यांची कंबर कधीच दुखली नव्हती, पायात कधी कळ आली नव्हती, अशा ६७ माणसांचे एमआरआय काढले. सुमारे एक तृतीयांश लोकांच्या फिल्ममध्ये ठळक दोष दिसले. साठी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. दुखणं शून्य, आणि फिल्ममध्ये गादी सरकलेली! आता त्या पंचावन्न वर्षांच्या बाईंकडे परत या. त्यांच्या फिल्ममधली सरकलेली गादी त्यांच्या दुखण्याचं कारण आहे, की केस पिकतात तशी वयाची खूण आहे? फिल्म हे सांगत नाही. कळ नेमकी कुठून कुठे जाते, पायाचा अंगठा वर उचलता येतो का, घोट्यापाशी हातोडीने टोकल्यावर पाय हलतो का, कुठली जागा बधिर आहे, हे सगळं त्या फिल्मशी जुळतं का, हे तपासणाऱ्याला जुळवावं लागतं. ही नजर आहे. तिलाही हातासारखीच पुनरावृत्ती लागते.

दुसरा अभ्यास नेदरलँड्समधला, २००७ सालचा, पोल आणि सहकाऱ्यांचा. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया, बाकीच्यांना औषध आणि वाट पाहणं. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे बहुसंख्यांना लागली नाही. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली.

या आकड्यांतून "शस्त्रक्रिया करू नका" असा धडा काढणारा घाई करतो, आणि "करा" असा काढणाराही. निघतो तो धडा असा की उत्तर रुग्णाच्या आयुष्यात आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला चार महिने घरी बसणं परवडत नसेल, तर लवकर आराम ही त्याच्यासाठी चैन नाही. निवृत्त मास्तरांना घाई नसेल, तर त्यांनी वाट का पाहू नये? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात कसब आणि विवेक या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. कसबाला वस्तू घडवता येते. या माणसासाठी, या वेळी, काय करणं चांगलं, हे विवेकाला कळतं. आजचं प्रगत प्रशिक्षण कसबाची वही ठेवतं आणि विवेक आपोआप येईल असं धरून चालतं. आमचं म्हणणं, तो आपोआप येत नाही.

आणि ही परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे फार. विसाव्या शतकाच्या मध्यावर हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढच्या बाजूने जाऊन सगळं सडलेलं हाड काढून टाकायचं आणि तिथे नवं हाड बसवायचं, अशी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. जगभर तिचं कौतुक झालं. त्याच काळात क्षयावरची औषधं प्रभावी झाली होती. वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. एस. एम. तुली यांनी विचार केला की प्रत्येकाला एवढं फाडायची गरज आहे का? रुग्णाला विश्रांती द्यायची, औषधं द्यायची, आणि बारकाईने पाहत राहायचं. पायातली ताकद काही आठवड्यांत परतत नसेल, उलट कमी होत असेल, तरच शस्त्रक्रिया. याला त्यांनी मध्यममार्ग म्हटलं आणि १९७५ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे झाले होते. वाराणसीपासून सारनाथ हाकेच्या अंतरावर. बुद्धाने मध्यममार्ग तिथेच सांगितला असं परंपरा मानते. नाव ठेवताना तो विचार मनात होता का ते सोडून द्या. मुद्दा असा की न केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद तुलींनी ठेवली, म्हणून ते ज्ञान झालं. ती ठेवली नसती तर तो एका डॉक्टरचा भित्रेपणा ठरला असता.

इथे आमच्या शास्त्रातली एक जुनी चर्चा कामाला येते. घाबरू नका, फार खोल जाणार नाही. 'जमिनीवर घागर नाही' हे मला कसं कळतं? घागर असती तर दिसली असती. ती दिसत नाही. पण 'नसणं' हे डोळ्याला दिसतं का? नैयायिक म्हणतात, अभाव हाही एक पदार्थ आहे आणि तो प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, नाही, त्यासाठी 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानावं लागतं. भांडण शेकडो वर्षं चाललं. पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत आहे. अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो; नुसतं 'नाही' याला अर्थ नाही, घागर नाही, कापड नाही, असं सांगावं लागतं. आणि दिवा लावलेला असला पाहिजे. अंधारात घागर दिसली नाही, तर ती तिथे नाही हे सिद्ध होत नाही.

हे आता शस्त्रक्रियेला लावा. "मी या बाईंचं ऑपरेशन केलं नाही" याला ज्ञानाचा दर्जा कधी मिळेल? कोणतं ऑपरेशन केलं नाही ते सांगता आलं तर: गादीचा तुकडा काढायचा होता, की दोन मणके जोडायचे होते, की पाच. आणि दिवा लावला असेल तर: तपासलं होतं, फिल्म जुळवली होती, धोक्याच्या खुणा शोधल्या होत्या, आणि तरीही नको असं ठरलं. न तपासता नको म्हणणं म्हणजे अंधारात घागर शोधणं. म्हणून आम्ही म्हणतो, लॉगबुकमध्ये अभावाचं पान हवं. रुग्ण कोण, काय करण्याचा विचार होता, का केलं नाही, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने त्याचं काय झालं. अशी शंभर पानं ज्याच्याकडे असतील, त्याच्या "करावं लागेल" या वाक्यावर आमचा विश्वास बसेल.

टीकेचा दुसरा भाग काळाविषयी आहे. फेलोशिप एक किंवा दोन वर्षांची. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली की हाड एकमेकांत मिसळायला महिने लागतात. स्क्रू सैल होणं, जोडलेल्या भागाच्या वरचा मणका झिजू लागणं, वाकलेला कणा सरळ केल्यावर तो वरच्या टोकाला पुन्हा वाकणं, ही संकटं कधी वर्षाने येतात, कधी पाच वर्षांनी. प्रौढांच्या मोठ्या विकृतीच्या शस्त्रक्रियांत तर हा धोका चांगलाच मोठा. आता प्रशिक्षणार्थी ज्या रुग्णाला शेवटच्या सहामाहीत स्क्रू बसवतो, त्याचं पुढे काय झालं हे त्याला कळतं का? तो दुसऱ्या शहरात गेलेला असतो. रुग्ण परत आला तर दुसऱ्याच फेलोसमोर बसतो. म्हणजे शिकणाऱ्याला आपल्या कृतीची सुरुवात दिसते, शेवट दिसत नाही. सुताराला आपली खुर्ची वर्षाने डुगडुगली की गिऱ्हाईक येऊन सांगतं. इथे प्रशिक्षणाचा काळच रुग्णाच्या बरं होण्याच्या काळापेक्षा लहान आहे.

आणि सुरुवात तरी पूर्ण दिसते का? अनेक ठिकाणी प्रशिक्षणार्थीचा दिवस शस्त्रक्रियागृहात जातो. रुग्ण त्याच्यासमोर येतो तेव्हा भूल दिलेली असते, पालथा झोपवलेला असतो, हिरवं कापड घातलेलं असतं. ठरवणं आधीच, ओपीडीत, वरिष्ठांनी केलेलं असतं. तो उत्तर लिहायला शिकतो, प्रश्न त्याने पाहिलेलाच नसतो. हाच तरुण उद्या स्वतःचं दार उघडून बसेल तेव्हा त्याच्यासमोर पहिल्यांदा कापड न घातलेला माणूस येणार आहे. बोलणारा, घाबरलेला, बरोबर तीन नातेवाईक घेऊन आलेला.

यावर जाणकार डॉक्टर दोन आक्षेप घेतील, आणि ते आम्ही हलके मानत नाही.

पहिला आक्षेप: "नको म्हणणं थोर ठरवलंत, तर भित्रे सर्जन तयार होतील. काही वेळा उशीर म्हणजे कायमचं नुकसान." खरं आहे. कमरेखालच्या नसांचा जुडगा दबला, लघवी अडली, जांघेतली जागा बधिर झाली, तर ती तातडीची वेळ असते. तिथे वाट पाहणारा मध्यममार्गी नसतो, तो चुकतो. मज्जारज्जू हळूहळू दबून चाल अडखळू लागली असेल तरीही तेच. पण आमच्या अभावाच्या पानावर या चुकाही सापडतील ना! ज्याला नको म्हटलं आणि जो पुढे बिघडला, तोही तिथे लिहिलेला असेल. आज तो कुठेच लिहिलेला नसतो. आपल्याकडे दोन्ही रोग एकाच वेळी आहेत. ज्याच्याकडे विमा आहे त्याला गरजेपेक्षा जास्त मिळण्याची भीती, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला गरजेपेक्षा उशिरा. विवेक शिकवल्याशिवाय यांतला एकही बरा होणार नाही.

दुसरा आक्षेप: "वेळ कुठे आहे? सरकारी ओपीडीत माणसामागे पाच मिनिटं मिळतात. खासगीत रुग्णालयाचा खर्च निघायला हवा." हेही खरं. शस्त्रक्रियेला पॅकेज असतं, "नको" म्हणण्याला पॅकेज नसतं. समजावून सांगण्यात गेलेल्या पाऊण तासाचं बिल होत नाही. आम्ही म्हणतो, म्हणूनच प्रशिक्षणाचा काळ मोलाचा. बिलाची सावली त्यावर त्यातल्या त्यात कमी असते. त्या दोन वर्षांत जर सवय लागली नाही, तर पुढे बाजार ती लावणार नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती नाजूक आहे. प्रत्येक कुशल हाताने आपले पहिले स्क्रू कुणाच्या तरी पाठीत बसवलेले असतात. हे टळत नाही. भोपळ्यावर, सांगाड्यावर, आता यंत्रावर कितीही सराव करा, पहिला जिवंत माणूस कुणीतरी असतोच. सहसा तो जनरल वॉर्डात असतो. भाईंदरहून पहाटेची लोकल पकडून दादरला उतरून परळपर्यंत गेलेला. समाज म्हणून आपण त्याच्याकडून कर्ज घेतो, आणि त्या कर्जावर शिकलेलं कसब पुष्कळदा दुसऱ्याच्या कामी येतं. कांटच्या विचारातली मुख्य गोष्ट अशी की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. 'केवळ' हा शब्द तिथे महत्त्वाचा. रुग्ण हा शिकण्याचं साधन होणारच. पण त्याला सांगितलं असेल की हात कुणाचा असणार आहे, शेजारी कोण उभं असणार आहे, आणि त्याने हो म्हटलं असेल, तर तो केवळ साधन राहत नाही. तो त्या शिक्षणातला भागीदार होतो. सही घेण्याच्या कागदावर हे एक वाक्य ठळक असायला काय हरकत आहे?

तर आमची मागणी थोडक्यात. प्रगत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर टाळलेल्या शस्त्रक्रियांचीही नोंद मागावी आणि अंतिम परीक्षेत त्यावर प्रश्न विचारावेत. प्रशिक्षणार्थीचा ठरावीक वेळ ओपीडीत, ठरवण्याच्या खोलीत जावा. संस्था सोडल्यावरही निदान दोन वर्षं, आपल्या हातच्या रुग्णांचं काय झालं हे त्याला कळवण्याची आणि त्याने ते वाचण्याची व्यवस्था असावी. आता फोनवरही होतं हे, त्याला इमारत बांधावी लागत नाही. आणि रुग्णाला हात कुणाचा ते सांगावं.

आणि तुम्ही काय करायचं? तुमच्यापैकी कुणावर ती वेळ आली तर तीन प्रश्न विचारा, नम्रपणे, पण विचारा. माझं दुखणं आणि ही फिल्म जुळते का, आणि कशावरून? मी तीन महिने थांबलो तर काय बिघडू शकतं, आणि कोणती खूण दिसली तर लगेच यायचं? माझ्यासारख्या किती जणांना तुम्ही नको म्हणालात, आणि त्यांचं पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नावर काही डॉक्टर रागावतील, काही क्षणभर थांबतील. जे थांबतील आणि मग आठवून सांगू लागतील, त्यांच्या हाती पाठ द्यायला आमची हरकत नाही.

 प्रश्न असतील तर विचारा. कंबर दुखते म्हणून औषध मात्र आम्हाला विचारू नका, ते आमच्या शास्त्रात नाही. आणि खुर्चीवरून उठताना जरा सावकाश उठा.